धुक्याची गाणी

“आ करा,” सिस्टर म्हणाली, आणि सासूबाईंनी तोंड आणखी घट्ट मिटून घेतलं.

“आई, एकच चमचा. सूप गार होतंय बघा.”

सासूबाईंनी बघितलं. सुपाकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं, दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसं सुनेकडे बघितलं आणि मान भिंतीकडे फिरवली. चमचाभर सूप उशीच्या अभ्र्यावर सांडलं.

“राहू दे गं,” दारातून नवरा म्हणाला. “भूक लागली की खाईल आपोआप.”

“परवाही हेच म्हणाला होतात.”

नवरा माणूस भला, पण घरात काही अवघड झालं की त्याला नेमकी बाहेरची कामं आठवत. आता त्याला स्कूटरच्या चाकातली हवा आठवली. तो गेला आणि सिस्टर उशीचा अभ्रा बदलायला लागली.

तिला सगळे सिस्टर म्हणत, पण ती नर्स नव्हती. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी ती इतकी वर्षं उभी होती, की पेशंट लोकांनी आपणहून तिला ही पदवी देऊन टाकली आणि पुढे ती गल्लीतही चिकटली. हत्यारं उकळायची, दातात भरायचा मसाला कालवायचा, लाळ ओढणारी नळी गालात धरून ठेवायची आणि मुख्य म्हणजे मिटलेली तोंडं उघडायची. पोरं असोत, पहिलवान असोत, वकील असोत. तिने हनुवटीला दोन बोटं लावून “आ करा” म्हटलं की तोंड उघडलंच. आणि सगळ्या गावाची तोंडं उघडणाऱ्या या बाईला घरातलं एक तोंड उघडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडून बराच काळ लोटला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायच्या, मग वार विसरायला लागल्या, मग माणसं. आता त्या जेवायचंच विसरल्या होत्या, की जेवायचं नाही असं त्यांनी नव्याने ठरवलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, “शनिवारपर्यंत पोटात काही जायला लागलं तर ठीक. नाहीतर दाखल करा. नाकातून नळी घालू.” नणंदेने तिथल्या तिथे शनिवारी सकाळी गाडी घेऊन यायचं कबूल करून टाकलं.

सिस्टर मात्र त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर एक चक्कर मारून आली होती. तिथे नळी घातलेल्या एका आजींचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. “ओढून काढतात हो नळी, काय करणार?” तिथली नर्स म्हणाली, आणि तिचंही काही खोटं नव्हतं. पण सासूबाई म्हणजे रस्ता ओलांडतानासुद्धा कुणाला हात धरू न देणारी बाई. ते हात बांधलेले सिस्टरला बघवणार नव्हते. घरी परत येतानाच तिने मनाशी गाठ बांधली, की शनिवारी ती गाडी रिकामी परत जाईल.

सासूवर तिचं प्रेम उतू चाललं होतं असं कुणी समजू नये. या सासूने तिला काही कमी ऐकवलं नव्हतं. “लोकांच्या उष्ट्या तोंडात दिवसभर हात घालायचे आणि त्याच हातांनी आम्हाला वाढायचं,” हे वाक्य तर जेवणात मीठ पडावं तसं रोज पडायचं. पुढे सासूबाईंचेच दात हलायला लागले. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जायचं तर खर्च, इथे सुनेमुळे फुकट. तेव्हा नाइलाजाने त्या तयार झाल्या, पण अट घालून.

“तिथे मी तुझी कुणी नाही,” त्यांनी बजावलं. “चारचौघांत आई-बिई म्हणायचं नाही.”

तेव्हापासून घरात ‘अगं ए’ आणि दवाखान्यात ‘सिस्टर, जरा पाणी देता का?’ असा कारभार सुरू झाला. सासूबाई चष्मा सावरत खुर्चीत बसायच्या, पदर नीट करायच्या आणि सुनेला अहो-जाहो करायच्या. काम संपलं की खुर्चीतून उठताना हमखास विचारायच्या, “मी त्रास दिला नाही ना, सिस्टर?” आधी सिस्टरला याचा राग यायचा. मग गंमत वाटायला लागली. नंतर नंतर तर ती त्यांच्या फेरीची वाट बघायची, कारण सासू तिच्याशी गोड बोलायची ती काय तेवढी त्या खुर्चीत.

अभ्रा बदलून झाला. सिस्टरने पुन्हा वाटी हातात घेतली. मनात शनिवारचाच घोर होता, आणि हात आपले सवयीने चमच्याने सूप ढवळत होते. तिच्या नकळत ती गुणगुणायला लागली. शब्द नव्हतेच, नुसता वर जाणारा आणि मग पायरी पायरीने खाली उतरणारा एक सूर.

सासूबाईंची मान भिंतीकडून परत आली. कपाळावरची आठी सैल झाली. आणि ओठ थोडेसे उघडले, जेमतेम चमच्याचं टोक जाईल एवढे.

आनंदाने सिस्टरचा आवाज चढला, सूर सुटला, आणि सासूबाईंनी तोंड पुन्हा फटकन मिटलं.

“अस्सं,” सिस्टर म्हणाली. “बेसूर चालत नाही होय तुम्हाला? उद्या खरं आणते.”

ते खरं म्हणजे दवाखान्यातली सीडी. डॉक्टरांच्या परदेशातल्या एका मित्राने ती कधीतरी पाठवली होती. वेष्टणावर हिरवी टेकडी, तिच्यावर धुकं, धुक्यात एकटाच उभा असलेला एक उंच दगड, आणि कडेने दोऱ्याच्या गाठी एकमेकींत ओवाव्यात तशी नक्षी. “हे केल्टिक संगीत,” डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. “पश्चिमेकडच्या हिरव्या, ओल्या बेटांवरच्या लोकांचं. त्यावर हल्लीच्या मंडळींनी साज चढवलाय. नव्या युगाचं संगीत म्हणतात.” सिस्टरला काही ते नवं वाटलं नाही. तिला ते फार जुनं वाटलं, तिच्या आजीच्या आजीच्याही आधीचं. आधी लाटांचा आवाज, मग तारांचं एक वाद्य थेंब पडावेत तसं वाजायचं, आणि मग एका बाईचा आवाज यायचा. एकीचाच आवाज, पण तिच्यामागे तीच, तिच्यामागे पुन्हा तीच, असा थरांवर थर चढत जायचा. भाषा कुणालाच कळत नव्हती. दवाखान्यात त्याला नाव पडलं धुक्याची गाणी. सासूबाईही खुर्चीत बसून हीच ऐकायच्या.

आणि त्या गाण्यांनी माणसं शांत व्हायची, हे मात्र खरं होतं. खुर्चीचे हात आवळून बसलेल्यांची बोटं दुसऱ्या गाण्यापर्यंत सुटायची. एक ट्रकवाला तर दाढ कोरली जात असताना तोंड उघडं ठेवून घोरायला लागला होता. सिस्टरचे स्वतःचे कान त्याच त्या गाण्यांनी किटून गेले होते. पुढे डॉक्टरांनी छताला टीव्ही बसवला, आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकून सीडी आणि ती वाजवायचं छोटं यंत्र खालच्या खणात ढकललं. पण गुणगुणणं तोंडात राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खण उघडला, तेव्हा डॉक्टर हात धूत होते.

“काय हो सिस्टर, टीव्ही बिघडला का?”

“डॉक्टर, ही गाणी मला घरी हवीत. यंत्रासकट.”

“तुम्हाला? तुम्ही तर एकदा म्हणाला होतात, ही बाई पुन्हा गायला लागली तर मी नोकरी सोडेन.”

सिस्टरने सगळं सांगितलं. डॉक्टर हात पुसायचे थांबले. “नेऊन बघा,” ते म्हणाले. “पण सिस्टर, हे औषध नाही हं. फार आशा लावून बसू नका.”

“आशा कुठली, डॉक्टर? शनिवार लावून बसलेय.”

ती नुसती सीडी घेऊन गेली नाही. छातीवर चिमट्यांच्या साखळीने अडकवायचा निळा कागदी रुमाल घेतला, आपला पांढरा कोट घेतला, दवाखान्यासारखा वास यावा म्हणून लवंगेच्या तेलाची चिमुकली बाटली घेतली. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन तिने सासूबाईंना आरामखुर्चीत मागे रेलून बसवलं, टेबलावरचा दिवा तोंडावर वळवला, तेलात बुडवलेला कापूस बशीत ठेवला आणि यंत्राचं बटण दाबलं.

लाटा आल्या. तारा वाजल्या. सासूबाईंचे खांदे खाली आले. दोन्ही हात पोटावर एकमेकांत गुंफले गेले, अगदी दवाखान्यात गुंफायच्या तसे. आणि त्या बाईचा आवाज वर चढायला लागला तसं सासूबाईंचं तोंड उघडलं. चांगलं मोठं, दाढेपर्यंत दिसेल एवढं, अर्थात दाढ असती तर.

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पटकन चमचा आत घातला, एक, मग दुसरा. सासूबाईंनी काही कटकट केली नाही. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

नेमकी त्याच वेळी नणंद फळं घेऊन आली. आईच्या तोंडावरचा दिवा, छातीवरचा निळा रुमाल, वहिनीचा पांढरा कोट आणि ते परकं गाणं बघून ती दारातच खिळली.

“हे काय नाटक मांडलंयस, वहिनी?”

“ताई, हळू बोला. खाताहेत त्या.”

आणि सासूबाई उठून बसल्या, डावीकडे वळल्या आणि तोंडात धरून ठेवलेलं सगळं सूप त्यांनी शिस्तीत जमिनीवर थुंकलं. दवाखान्याच्या खुर्चीला गुळणी टाकायचं भांडं डावीकडेच होतं. मग त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि पुन्हा मागे रेलून आ केला.

सिस्टरला हसावं की रडावं ते कळेना. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या खुर्चीत तोंडातलं गिळायचं नाही, हे तिनेच तर त्यांना शिकवलं होतं.

“फसवतेयस तू आईला,” नणंद म्हणाली. “ती तिच्या घरात आहे आणि तू तिला दवाखान्यात नेऊन बसवलंयस.”

“आणि नळी घालताना त्यांना खरं काय ते सांगणार आहेत का?”

“निदान ते पोटात तरी जातं.”

सिस्टर जमीन पुसायला लागली. नणंद स्वयंपाकघरात गेली, फळं ओट्यावर ठेवली आणि तिकडे तोंड करून बराच वेळ नळ उघडा ठेवून उभी राहिली. दुष्ट नव्हती ती. आईला असं वाळताना बघवत नव्हतं, आणि जे बघवत नाही ते लवकर कुणाच्या तरी हवाली करावं, असा तिचा स्वभाव होता. जाताना म्हणाली, “शनिवारी सकाळी येते. बॅग भरून ठेव.”

सिस्टरने बॅग भरली. आणि बॅग भरता भरता ती गाणी लावून ठेवली, कारण ती चालू असली की सासूबाई चादर ओरबाडत नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गाणी तिने कोरण्याच्या यंत्राच्या घरघरीशिवाय ऐकली, आणि तिला एक गोष्ट कळली. गेले कित्येक महिने या घरात जो तो सासूबाईंकडे काहीतरी मागत होता. मी कोण सांग. आज वार कुठला. हे धर, ते गिळ, इकडे बघ. ही गाणारी बाई मात्र काहीच मागत नव्हती. तिची भाषा कुणालाच येत नव्हती, म्हणून तिला उत्तर द्यायलाही लागत नव्हतं. त्या गाण्यात काही विसरलं म्हणून कुणी ओशाळं व्हायचं कारण नव्हतं. सिस्टर कपड्यांच्या घड्या मांडीवर घेऊन बसून राहिली आणि तिला फार दिवसांनी मोकळं वाटलं.

पण मोकळं वाटून पोट भरत नाही. शुक्रवार उजाडला आणि सिस्टर डोक्यात तोच भुंगा घेऊन कामावर गेली. त्या दिवशी एक आजोबा कवळीच्या मापाला आले होते. डॉक्टरांनी खुर्चीची पाठ सरळ उभी केली, मेणाचा साचा आजोबांच्या तोंडात बसवला आणि नेहमीच्या संथ आवाजात म्हणाले, “आता मिटा. आवंढा गिळा. शाब्बास. पुन्हा एकदा, आवंढा गिळा.”

सिस्टरच्या हातातलं मेण तिथेच राहिलं. कवळी! सासूबाईंची कवळी याच खुर्चीत झाली होती. जबडा कसा मिटतो ते बघायला पेशंटला गिळायला लावतात, सरळ बसवून, पुन्हा पुन्हा. आणि ती वेडी त्यांना दात कोरायच्या आसनात रेलून बसवत होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “मी पाठच चुकीची ठेवली हो!”

आजोबांनी घाबरून डॉक्टरांकडे बघितलं.

त्या संध्याकाळी काही करता आलं नाही. सासूबाई थकून झोपल्या होत्या, आणि हाका मारूनही डोळे उघडेनात. सिस्टरने मनगट हातात घेऊन बघितलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. आता राहिला होता तो एक शनिवार.

शनिवारी नणंद ठरल्या वेळी आली. हातात गाडीची किल्ली होती. नवऱ्याने बॅग दाराशी आणून ठेवली आणि मग काय करायचं ते न सुचून तिच्याशेजारीच उभा राहिला.

“वहिनी, निघू या. उगाच उशीर नको.”

“एक वाटी सूप होईतो थांबा,” सिस्टर म्हणाली. “नाहीच गेलं पोटात तर मी स्वतः त्यांना गाडीत बसवते. शब्द देते. पण मध्ये कुणी बोलायचं नाही.”

तिचा आवाज असा होता, की नणंद भिंतीला टेकली.

सिस्टरने सासूबाईंना हातांच्या लाकडी खुर्चीत सरळ बसवलं, पाठीला उशी दिली, पाय जमिनीला टेकवले. दिवा लावला नाही. कोट घातला, निळा रुमाल अडकवला आणि बटण दाबलं.

लाटा. तारा. मग ती बाई. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच हललं नाही. एक गाणं संपलं. नवऱ्याने खाकरायला तोंड उघडलं, तशी नणंदेनेच त्याला हाताने गप्प केलं. दुसरं गाणं सुरू झालं, तो वर जाणारा आणि पायरी पायरीने उतरणारा सूर आला, आणि सासूबाईंचे हात एकमेकांत गुंफले गेले.

सिस्टरने हनुवटीला दोन बोटं लावली. “आ करा.”

तोंड उघडलं. तिने अर्धाच चमचा सूप जिभेवर ठेवलं.

“आता मिटा,” ती डॉक्टरांच्या संथ आवाजात म्हणाली. “आवंढा गिळा.”

सासूबाई थांबल्या. गाल थोडे फुगलेले होते. डोळे डावीकडे वळले, आणि सिस्टरचा जीव टांगणीला लागला. पण तिथे भांडं नव्हतं, आणि पाठ सरळ होती. गळ्यावरची सैल कातडी वर गेली आणि खाली आली.

“शाब्बास. पुन्हा एकदा.”

चमच्यामागून चमचा जात राहिला. कुणी घाई केली नाही. मध्येच एकदा ठसका लागला, तेव्हा सिस्टरने पाठीवरून हात फिरवत वाट बघितली, आणि गाणं आपल्या चालीने पुढे गेलं. वाटी अर्धी झाली. भिंतीपाशी नणंदेने किल्ली पर्समध्ये टाकली आणि तोंडाला पदर लावला.

आणखी काही चमच्यांनंतर सासूबाईंनी स्वतःच हात वर केला, पुरे म्हणून. तो हात कापत होता, पण त्याचा रुबाब जुनाच होता. त्यांनी निळ्या रुमालाच्या टोकाने ओठ टिपले आणि कितीतरी दिवसांनी त्या बोलल्या.

“मी त्रास दिला नाही ना, सिस्टर?”

“अजिबात नाही,” सिस्टर म्हणाली. “सगळे तुमच्यासारखे असते तर बरं झालं असतं.”

सासूबाईंना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जरा पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला.

“बाहेर माझी सून बसली असेल. माझं आटोपल्याशिवाय जेवत नाही ती. हट्टी आहे.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तिला सांगाल का, माझं झालंय म्हणून? म्हणावं, तू जेवून घे.”

सिस्टरने साखळीचे चिमटे एकेक करून सोडवले आणि रुमालाची घडी घातली.

“सांगते,” ती म्हणाली.

नवऱ्याने बॅग उचलून परत आत नेली. नणंद आईच्या पायांपाशी जमिनीवर बसली, आणि तिने आईला काहीच विचारलं नाही. ती धुक्यातली बाई गातच होती. सिस्टरने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, स्टूल ओढून सासूबाईंच्या शेजारी बसली, आणि वाटीत उरलेलं त्यांचं उष्टं, गार झालेलं सूप त्याच चमच्याने खायला लागली.